बुधाच्या नावावरची ताडी

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी जव्हारच्या वीजघरात पाड्यावरचे दोन उमेदवार काम शिकायला घेतले. दोघेही साखरशेतचे, एकाच आळीतले. एक बुधा, दुसरा माघ्या. राजाच्या वेळचं तेलाचं इंजिन आता एका ठेकेदाराकडे गेलं होतं. पेठेतले रस्त्याचे दिवे, कचेरी आणि मोजकी घरं त्यावर उजळायची. ते सगळं चालवायचा देवराम मिस्त्री. जव्हारात त्याला मान होता. पांढरी टोपी घालून तो पेठेतून निघाला की दुकानदार हाक मारून चहा पाजायचे.

उमेदवारी म्हणजे काय, ते दोघांना महिनाभरातच कळलं. इंजिन पुसायचं, डिझेलचे डबे ओतायचे, खांबावर तारा अडकवायचे चिनी मातीचे कप साफ करायचे आणि मिस्त्रीच्या मागून शिडी वाहायची. बुधाला खांबावर चढायची भारी हौस. वर गेला की तो खाली बघून ओरडायचा, "माघ्या, मना आपला पाडा दिसतं!" दिसत काहीच नसे. पण माघ्या हसायचा.

त्या हिवाळ्यात ठाण्याहून कोणी मोठे साहेब येणार होते. भर दिवसा दिवे लावून दाखवायचे, असं ठेकेदाराने ठरवलं. बुधा पेठेतल्या खांबावर तारेचा सांधा बांधत होता. माघ्या वीजघरात देवरामशेजारी उभा होता. एवढ्यात घाटातून साहेबांची मोटार ठरल्या वेळेआधीच आली. बाहेर एकच धावपळ उडाली. देवरामने घाईघाईने मोठ्या स्विचच्या दांड्याला हात घातला.

"मिस्त्री, बुधा वर हाय!" माघ्या किंचाळला.

तोवर दांडा वर गेला होता.

बुधा कमरेच्या पट्ट्यात तसाच खांबाला लटकून राहिला. त्याला खाली घेतला तेव्हा त्याच्या बोटांत पक्कड घट्ट होती.

संध्याकाळी पंचनाम्याला पेठेतले पंच बसले. देवराम टोपी काढून, मान खाली घालून म्हणाला, "सकाळीच ताडी ढोसून आला होता. मला न विचारता चढला. मी तरी काय करणार?"

"खोटं हाय," माघ्या म्हणाला. "यांनीच दांडा वर केला. मी बघितला. बुधा ताडीला शिवत नाय."

हे साऱ्या साखरशेतला ठाऊक होतं. बुधाचा बाप पिऊन पिऊन गेला होता, आणि त्याची आई कोंडी हिने पोराकडून तसं वचन घेतलं होतं. पण पंच साखरशेतचे नव्हते. देवराम शांतपणे म्हणाला, "महिनाभराचा उमेदवार हा. याला स्विच कुठला न् पंख्याचं बटण कुठलं, ते तरी कळतं का?" पंच हसले. विषय संपला.

देवरामला हवं ते झालं, दोष बुधावर गेला. ठेकेदाराने सांगून टाकलं की आता पाड्यावरचा माणूस नको, त्यांना ताडी सुटत नाही. माघ्याला मात्र देवरामनेच ठेवून घेतला. बाहेर सोडला तर बोलत फिरेल, त्यापेक्षा डोळ्यांसमोर बरा, असा त्याचा हिशेब होता. आणि माघ्या राहिला. कोंडी पाण्यावर गेली की बाया गप्प व्हायच्या, मग कोणीतरी हळूच म्हणायचं, ताडीनं गेला तिचा पोर. ते माघ्याने एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्याच दिवशी त्याचं मन ठरलं.

चार वर्षं त्याने देवरामची सेवा केली. इंजिनाचा आवाज बदलला की काय बिघडलं, ते ओळखायला शिकला. सांधे, फ्यूज, मोटारीचं वेटोळं, सगळं त्याने देवरामच्याच हाताखाली गिळलं. देवरामच्या मुलीच्या लग्नात मांडवभर तारा ओढून दिवे लावले. देवराम लोकांना सांगू लागला, "माझ्यामागे हाच." माघ्या मान डोलवायचा. शिडी धरून उभा राहिला की वर देवरामच्या टाचा दिसायच्या. त्या टाचांकडे बघताना त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. शिडीला एक हिसका दिला असता तरी पुरे होतं. पण मिस्त्री मेला असता तर बुधाची ताडी तशीच राहिली असती. माघ्याला त्याचा जीव नको होता, त्याची जीभ हवी होती.

मग दवाखान्यासाठी पेठेतून नवी लाईन निघाली. धर्मशाळेच्या ओट्यावर लोखंडी स्विचपेटी बसवली. दांडा वर केला की समोरच्या खांबावरची लाईन चालू. बाजाराच्या दिवशी शेवटचे सांधे बांधायचे होते. आदल्या दिवशी माघ्या कोंडीकडे गेला.

"आये, उद्या बाजाराला ये. धर्मशाळेपाशी उभी रहा."

"मना काय घ्यायचा बाजारात?"

"ये तू."

दुसऱ्या दिवशी पेठ माणसांनी फुलली होती. नाचणीच्या पाट्या, सुकी मासळी, बांगड्यांची दुकानं. देवराम खांबावर चढला, कमरेचा पट्टा खांबाला अडकवला आणि दोन्ही हातांत तार धरली. माघ्याने शिडी काढून आडवी ठेवली. मग ओट्यावर चढून त्याने पेटीच्या दांड्यावर हात ठेवला.

"देवराम!"

चार वर्षांत पहिल्यांदाच त्याने नुसतं नाव घेतलं. वरून देवरामने चमकून पाहिलं.

"तार सोडू नको. पट्ट्याला हात लावलास तर दांडा वर गेलाच समज. आता सांग, बुधा ताडी प्यायला होता का?"

"माघ्या, अरे येडा झालास का?"

"सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

लोक जमले. दोघे-तिघे ओट्याकडे धावले, पण माघ्याने दांडा बोटभर उचलला, तसे जागीच थिजले. वर देवरामने मान वळवून गर्दीकडे पाहिलं. टोपी खाली पडली.

"नव्हता!" तो ओरडला. "नव्हता प्यायला!"

"मग कोणी मारला?"

"मी! दांडा मी वर केला. हा ओरडला, मी ऐकलं नाही. ताडीचं मी बनवून सांगितलं. आता खाली घे मला!"

"आणखी एकदा."

देवरामने रडत रडत सगळं पुन्हा सांगितलं. माघ्याने त्याच्याकडून ते तिसऱ्यांदाही वदवून घेतलं. इतकं सुख त्याला आयुष्यात कशातच मिळालं नव्हतं.

देवरामला खाली उतरवला. गर्दीतून कोंडी पुढे आली. ती रडली नाही. तिने देवरामकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे इथं बोललास. माझ्या पाड्यावर चल. बायांच्या म्होरं बोल."

आणि तो गेला. जव्हारपासून साखरशेतपर्यंत कोंडी पुढे आणि मिस्त्री मागे, बोडक्या डोक्याने. पाणवठ्यावर बाया जमवून तिने त्याला बोलायला लावलं.

माघ्याला पोलिसांनी धरलं, पण देवरामने तक्रार दिली नाही, तेव्हा सोडून दिलं. उमेदवारी अर्थातच गेली. तो भिवंडीला मागाच्या कारखान्यात वायरमन झाला. त्या दिवशी पेटीत फ्यूज होते की काढून ठेवले होते, असं त्याला पुष्कळांनी विचारलं. त्याने ते काढून ठेवले असणार, दांडा वर जाऊनही काही झालं नसतं, अशी सगळ्यांची समजूत.

"होते की. जागच्या जागी होते," तो सांगायचा. मग विचारणारा दुसरं काही बोलायला लागायचा.

देवराम पुन्हा खांबावर चढला नाही. जव्हार सोडून तो मोखाड्याला गेला आणि तिथल्या बाजारात बॅटरीचे सेल, कंदिलाच्या काचा, वाती विकू लागला. तीनेक वर्षांनी माघ्या तिथे सासुरवाडीला आला होता, तेव्हा त्याला तो दिसला. देवरामनेही त्याला पाहिलं. लगेच तो आपला माल गोणपाटात भरू लागला. माघ्याची बायको म्हणाली, "चला ना, मोटार सुटंल."

"सुटू दे," माघ्या म्हणाला, आणि देवरामचं दुकान पुरतं उठेपर्यंत तिथेच उभा राहिला. पुढच्या बाजारालाही तो मोखाड्याला गेला. त्याला अजून पुरलं नव्हतं.