पारनेरची तालीम

पुण्याहून निघालो तेव्हा ट्रंकेत होते दोन धोतरजोड्या, रंगाची पेटी आणि माझी नक्कल (नाटकातलं माझ्या वाट्याचं बोलणं). तीन महिन्यांपूर्वी भर प्रयोगात एका वाक्याशी माझी दातखिळी बसली होती. तेव्हापासून झोप उडाली होती आणि नक्कल हातात घेतली की छातीत धडधडायचं. नाटक कंपनीच्या मालकांनी बजावलं होतं, "पुढच्या महिन्यात उभे राहा, नाहीतर सेनापतीचं काम दुसऱ्याला."

तेवढ्यात माझ्या शाळासोबत्याचं, याकोब मास्तरचं पत्र आलं. तो आता पारनेरला शिकवतो. "इथं तालीम जोरात चालू आहे. गडी कमी पडतात. तू येच." मला वाटलं, गावकऱ्यांचं नाटक बसतंय. चार परक्यांपुढे जीभ सुटली तर बरंच!

महायुद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. प्रत्येक चढाला आम्ही उतरून ढकलायचो. सुप्याला ती कायमची बसली. पुढे बैलगाडी मिळाली. दोन्हीकडे उघडे माळ, कुठं बाजरीची हिरवी पट्टी, आणि वारा असा की टोपी धरूनच बसावं लागलं.

याकोबच्या घरी हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) आणि भाकरी खाऊन आडवा झालो. पहाटे त्यानं उठवलं. मी नक्कल घेतली, रंगाची पेटीही काखेत मारली. त्यानं दाखवलेल्या दारातून आत शिरलो तर समोर लाल मातीचा हौदा (कुस्ती खेळायची जागा) आणि लंगोट लावलेले दहा-बारा पैलवान!

"पेटीत काय हाय, पाव्हनं?" वस्ताद रंगुबांनी विचारलं.

"रंग," मी म्हणालो. "तोंडाला लावायचा."

हशा असा पिकला की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. याकोबवर मी असा भडकलो! "नाटकाची तालीम म्हणून आलो मी, गाढवा!"

"मी कुठं नाटक लिहिलं होतं?" तो म्हणाला.

परत निघालो तर वस्तादांनी हातात फावडं दिलं. "आलाच हाय तर माती उकरा. मंग जावा."

माती उकरली. मग जोर, मग बैठका. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना आई आठवली. पण खरं सांगतो, त्या दुपारी भाकरीवर हात ठेवूनच मला झोप लागली. उठल्यावर रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

गेलो नाही मी. आठवडाभर रोज माती उकरली. भूक लागायला लागली, धडधड कमी झाली. फक्त बैठका मोजताना गोंधळ व्हायचा. बावीसनंतर एकोणीस!

वस्ताद वैतागले. "आकडं ऱ्हाऊ द्या तुमचं. दुसरं कायतरी म्हना, पन दम सोडू नगा."

पाठ दुसरं काय होतं? मी सेनापतीचं भाषण सुरू केलं. एक बैठक, एक वाक्य. "शंभर मशाली विझल्या तरी..." इथंच मी अडकलो होतो. पण गुडघे थांबेनात, आणि त्यांच्यामागून वाक्यही बाहेर पडलं: "...हा किल्ला अंधारात नाही, राजे!" भाषण संपलं तेव्हा पैलवान जोर थांबवून बघत होते.

"लई झ्याक!" वस्ताद म्हणाले. "आता परत म्हना. अजून वीस बाकी हायेत."

निघताना त्यांना विचारलं, "पुन्हा अडलो तर?"

"अडाल की. आमीबी पडतो. उठून परत माती उकरायची."

पुण्यात पोचलो त्याच संध्याकाळी कंपनीत सरावाला उभा राहिलो. मशालींचं वाक्य आलं, छाती धडधडली, आणि सेनापतीनं भर दरबारात राजापुढे एक बैठक मारली. वाक्य पुरं झालं.

मालक ओरडले, "अहो, हे काय चाललंय?"

"तालीम," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य घेतलं.