दोन प्रोसेसर आणि अंजूरचं पाणी

दीक्षा भिवंडीत कॉलेजात गणित शिकवायची आणि राहायची अंजूरला. खाडीकाठच्या शेतांवर भराव पडून गोदामं झाली, तसं उधाणाचं पाणी नव्या वाटांनी गावात शिरू लागलं. ते कुठवर येईल याचं गणित तिने मांडलं होतं. पण एका भरतीचा हिशेब करायला तिचा लॅपटॉप नऊ दिवस घ्यायचा, आणि बऱ्याचदा मध्येच बंद पडायचा.

म्हणून ती भिवंडीतल्या नारपोलीत लतीफचाचांकडे गेली. तीस वर्षं लूमवर कापड विणण्यात काढलेले चाचा आता कंपन्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर विकत.

"गेम खेळायचाय?"

"नाही चाचा, पाण्याचा हिशेब करायचाय. दोन प्रोसेसर बसतील असा जुना बोर्ड हवा. आणि मेमरी भरपूर."

सगळं स्वस्तात मिळालं, जोडलंही. पण मशीनला दोनपैकी एकच प्रोसेसर दिसत होता. भिंगातून पाहिलं, तर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या दोन हजारांवर पिनांपैकी एक वाकलेली. केसासारखी बारीक.

"गेला बोर्ड," दीक्षा म्हणाली.

"थांब बेटा." चाचांनी शिवणाची सुई घेतली, श्वास रोखला. त्यांचे जाडेभरडे हात जराही हलले नाहीत. पिन सरळ झाली.

मशीन सुरू झालं. तिने हिशेब लावला आणि पडद्यावर चाळीस पट्ट्या एकदम भरल्या.

"हे काय?" चाचांनी विचारलं.

"एकेका प्रोसेसरमध्ये वीस कामगार समजा. चाळीस जण एकच काम वाटून घेतायत."

"आणि एकाचाही धागा तुटत नाय?" चाचा खुर्चीवर टेकले. "सुभानल्ला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेब संपला. पडताळा म्हणून तिने गेल्या वर्षीचं उधाण घेतलं होतं. पडद्यावर निळं पाणी बांधाला वळसा घालून आत आलं आणि शाळेच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं. तिने आईला, द्रौपदीबाईंना, काही न दाखवता विचारलं, "तेव्हा पाणी कुठवर आलेलं?"

"शालंच्या दुसऱ्या पायरीवं. मी उभी हुती ना तिथं."

तिने पडदा आईकडे वळवला.

"याला कुणी सांगितलं गं?"

"कुणीच नाय, आई. जमिनीची उंची आणि भरती, एवढंच दिलं."

द्रौपदीबाईंनी निळ्या रंगावर बोट टेकवलं आणि पाणी लागावं तसं मागे घेतलं.

तोच नकाशा ग्रामसभेत भिंतीवर दाखवला. पाणी कुठून वळतं ते सगळ्यांनी पाहिलं. मग पाणी पूर्वी ज्यातून खाडीत परत जायचं, तो भरावाखाली गाडलेला नाला उकरायचं ठरलं.