बाबांची करंगळी
तळ्याच्या गाळात फुटकी बाटली होती. तिनं बाबांचं उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं खोल चिरलं. गावाजवळच्या दवाखान्यात टाके पडले, जखम सुबक भरली, आणि घरातली शिकलेली म्हणवणारी मी "झालं बरं" म्हणून मोकळी झाले. करंगळी बधिर झाल्याचं बाबांनी मात्र दोन महिने कुणाला सांगितलंच नाही. हट्टी माणूस!

तळं आटलं की गाळात हात घालून, चाचपून मासे धरणं ही बाबांची खासियत. आता त्या हाताला कमळाचा देठ लागला की मासा, तेच कळेना. जाळ्याची दोरीही निसटायला लागली तेव्हा आईनं खोदून विचारलं. बाबा खाली बघत म्हणाले, "मासे धरता नाई येत मले आता."

बसनं अर्धा दिवस घालवून चंद्रपूर गाठलं. डॉक्टरांनी मनगटाची सोनोग्राफी केली. पडद्यावर करंगळीला संवेदना देणारी नस सरळ येत होती आणि मध्येच संपत होती. तिचं दुसरं टोक बरंच लांब गेलं होतं. "ओढून जुळणार नाही. पायातली एक बारीक नस काढून मध्ये जोडावी लागेल," डॉक्टर म्हणाले.

"हात दुरुस्त कराले पाय काऊन कापता?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर हसले. पावलाची कड थोडी बधिर होईल, चालणं बिघडणार नाही, असं त्यांनी समजावलं. ऑपरेशन पार पडलं, पण नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि बोट पूर्ण जागं होईलच याची हमी नव्हती. रोज सकाळी मी मनगटापासून पुढे टिचक्या मारत जायची. मुंग्या आल्या, म्हणजे तिथवर नस पोचली. दिवाळीला त्या तळहातात होत्या. मग कितीतरी दिवस तिथंच अडल्या. मी बाबांवर उगाच खेकसायची; खरं तर मला भीती वाटत होती.

उन्हाळ्यात तळं आटलं. बाबा गुडघाभर गाळात उतरले, उजवा हात आत घातला आणि एकदम बोंब ठोकली. साप चावला की काय म्हणून आम्ही मायलेकी धावलो. शिंगी माशाचा विषारी काटा लागला होता. तो भल्याभल्यांना रडवतो. बाबाही रडत होते, पण तोंडभर हसत.

"करंगळीलेच मारलं व! लई दुखून राह्यली!"

आई चिखलातच मटकन बसली. त्यांचं बोट दोन्ही हातांत धरून म्हणाली, "दुखू द्या जी, दुखू द्या."