घरमालकांचं लॉरेल

सबंध बुलढाण्यात झाडाच्या फांदीला थर्मामीटर टांगणारा माणूस एकच, आणि मी त्याच्या घरात भाड्यानं राहत होतो. आमचे घरमालक काका गुरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. निवृत्तीनंतर मोकळ्या हातांनी राहवेना, म्हणून त्यांनी एका झुडपालाच पेशंट करून घेतलं. एकुलती लेक शिमल्याला नर्स. काका-काकू एकदाच तिच्याकडे गेले, आणि येताना तिच्या क्वार्टरच्या कुंपणातलं चेरी लॉरेलचं वीतभर रोप तेलाच्या डब्यात घालून घेऊन आले. रेल्वेत डबा काकूंच्या मांडीवर, आणि काका दर स्टेशनला वाकून पानं उलटीपालटी करून बघणार. मलकापूरला उतरून एसटीनं घाट चढेपर्यंत काकूंचे पाय बधिर झाले होते. रोपाची तब्येत मात्र उत्तम होती.

"चेरी कधी लागणार?" असं कुणी विचारलं की काका दुखावत. "खायाची चेरी नाही बापा हे! पान पाहा, पान! बारमाही हिरवं." मग बाहीनं एक पान पुसून चमकवून दाखवत. काळ्या मातीत पाणी तुंबून मुळं कुजतील म्हणून त्यांनी गुडघाभर खड्डा उपसून त्यात मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली मिळावी, म्हणून काकूंची कपड्यांची दोरी हलवली. मोठ्या कात्रीनं पानं चिरून कडा करपतात, तेव्हा छाटणी दवाखान्यातल्या जुन्या छोट्या कात्रीनं, एकेक फांदी धरून. मे महिन्यात तर हिरवी जाळी बांधून भागेना, तेव्हा घरातला कूलर खिडकीत बाहेर तोंड करून बसवला. काकू पदरानं वारा घेत मला म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाले लग्नाले. मले कधी इचारलं नाही, तुले गरमी होते काय म्हणून."

चार वर्षांत झुडूप कमरेएवढं, गच्च आणि गोल झालं. ही पानं जनावरांना विषारी, हे काकांनीच सगळ्या गल्लीला बजावलं होतं. आणि एका सकाळी छाटणी चालू असताना लेकीचा फोन आला, ते बोलत बोलत आत गेले, आणि छाटलेल्या फांद्या फाटकाशी तशाच राहिल्या. दुपारी समोरच्या चाचींची किंकाळी ऐकू आली. त्यांची गाभण शेळी आडवी पडून धापा टाकत होती, तोंडाला फेस, आणि शेजारी ती चकचकीत पानं.

काका अनवाणी धावले. आपल्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावायला मला सांगून ते धुळीत बसले आणि शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देईपर्यंत ते तिच्या कानाशी "उठ वं माय, उठ," एवढंच म्हणत होते. तासाभरानं शेळीची धाप ओसरली. संध्याकाळी ती उभी राहिली, तेव्हा काका चाचींना म्हणाले, "चूक मायी हाय. झाडाची नाही, तुमच्या बकरीची नाही." आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुदळ घेऊन झुडपापाशी उभे होते. काकू दारात उभ्या. तेवढ्यात चाची रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांनी सरळ कुदळीचा दांडा धरला.

"भाई, काऊन उपटून राह्यले?"

"कोणाचा जीव जाईन अशानं."

"मंग कुंपण घाला ना! रोज तुम्ही आंघोळीले गेले का भाभी याच्यापाशी येऊन बसते. पोरीनं काय खाल्लं, तिले डबल ड्यूटी लागली, सारं याले सांगते. मी रोज पाह्यते. उपटसान त ती कोणाशी बोलन?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू लगबगीनं आत गेल्या, चहा ठेवायच्या निमित्तानं. त्या दिवशी चाचींच्या अंगणातले जुने पत्रे आले, आणि दुपारपर्यंत काका, चाची आणि मी मिळून कुंपण उभं केलं. शेळीला पुढं दोन पिल्लं झाली. छाटलेली पानं तेव्हापासून लगेच खोल खड्ड्यात जातात.

माझी अकोल्याला बदली होऊन वर्ष झालं. झाडाला फुलं अजून आलेली नाहीत. काका म्हणतात, आपल्याकडची थंडी त्याला पुरत नाही. परवा त्यांचा फोन आला. लेक पाच वर्षांनी येते आहे, फक्त आठ दिवस. मग त्यांनी विचारलं, "तिले पहिले झाड दाखवू, का पहिले घरात घेऊ?"

मागून काकूंचा आवाज आला, "पहिले तिले डोळे भरून पाहू त द्या मले."