दगडाच्या रंगाचा खेकडा

"औंदा खेकडंच ऱ्हायलं न्हाईत," मावशी ओढ्यात वाकून तिच्या सुनेला सांगत होती.

मी काठावर पाय सोडून बसले होते. माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर एक खेकडा होता. शेवाळलेल्या काळपट दगडावर तसाच काळपट, पाठीवर गाळ, पाय पोटाखाली ओढलेले. डोळ्यांचे दोन बारीक दांडे तेवढे वर. आणखी दोन पलीकडे, मावशीच्या अगदी समोर. मावशी त्यांना ओलांडून पुढे गेली.

भंडारदऱ्याजवळच्या या गावात मी नगरहून दरवर्षी चार दिवस येते. इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कमी बोलणारी, म्हणून वहिनी माझी थट्टा करते. आजही म्हणाली, "वन्सं, खेकड्याला इंग्रजीत हाका मारा की. आमचं काय ऐकंना त्ये!"

मावशी हसली. मीही हसले, पण नजर मावशीवरच होती.

न हलणारं जिवंत काही कसं बघायचं, ते मला तिनेच शिकवलं. मी सात-आठ वर्षांची असताना याच ओढ्याकाठच्या आंब्याच्या खोडाला हात टेकणार, तेवढ्यात ती ओरडली होती, "हात नगं लावू, कातीण बसलीय!" मला कोळी कुठेच दिसत नव्हता, नुसती साल दिसत होती. मग त्या सालीतला एक चपटा तुकडा सरकन पळाला आणि दुसरीकडे जाऊन पुन्हा साल झाला. "रंग बघू नगं," मावशी म्हणाली होती, "कड बघ. सावली बघ."

आज येताना त्याच खोडाला टेकून तिने चप्पल झटकली. तिचा तळवा थेट कातिणीवर पडला. कातीण बोटांमधून निसटून पळाली, आणि मावशी हात झटकत म्हणाली, "मुंगळं लई झाल्यात."

तेव्हा मला बाकीचंही जुळलं. काल तिने निवडलेल्या तांदळात खडे निघाले, तर तिने दुकानदाराला शिव्या घातल्या. मोबाईल बिघडलाय म्हणून नंबर मला लावायला लावला. मोबाईल चांगला होता. शेजारच्या म्हातारीला दिसेनासं झाल्यापासून घरच्यांनी ओट्यावर बसवून ठेवलंय, हेही तिनेच सांगितलं होतं. "ना बांधावर जायचं, ना ओढ्यावर. माणूस हाय का गाठोडं?"

म्हणून मी गप्प होते. स्वतःचं काही कळू न देता माणसांत बसायची सवय मलाही आहे. तिचं लपवणं उघडं करणारी मी कोण?

वहिनी टोपली घेऊन खालच्या डोहाकडे गेली. मावशी दगडांखालच्या फटी चाचपू लागली. चाचपण्यात ती अजूनही कुणापेक्षाही पटाईत होती, एक खेकडा धरलाही. मग वर चढताना आधारासाठी तिने ज्या दगडाकडे हात पुढे केला, तिथे मोठा खेकडा नांग्या उघडून बसला होता. तिच्या मागे खोल पाणी होतं.

मी उडी मारून तिचं मनगट धरलं.

"काय गं?" ती दचकली.

"मावशी, तिथं खेकडा आहे," मी म्हणाले. "खेकडे भरपूर आहेत, तुला दिसत नाहीयेत. उद्या आपण दोघी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. घरी काय सांगायचं, ते तू ठरव."