शेजारची भुरी

गोंदियात आमच्या शेजारी ती विड्या वळायची. केस, कातडी, पापण्या, सगळं पांढरं. लोक तिला भुरी म्हणत. खरं नाव मीही कधी विचारलं नाही. तेंदूपान अगदी नाकाशी धरून कापायची, ऊन आलं की सूप उचलून सावलीत सरकायची, आणि काहीही सांगण्याआधी "ऐक बाई" म्हणायची. मी गरोदर राहिले तेव्हा सासूबाईंनी तिचं तोंड पाहायचं नाही असं बजावलं, आणि मी ते पाळलं.

तरीही माझी मुलगी पांढऱ्या केसांचीच जन्मली. सासूबाई तिला हात लावेनात. "रेलवेच्या गोऱ्या सायबाचं त नोहे?" असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या. पाच दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते.

सहाव्या दिवशी भुरी न बोलावता आली, थेट माझ्या खाटेशी बसली आणि मुलीला तिनं मांडीवर घेतलं.

"ऐक बाई. माहे मायबाप दोघंही सावळे होते, तरी मी अशी झाली. यात कोनाचंच पाप नाही. पोरीले उन्हात नेऊ नको. दूरचं कमी दिसन तिले, बाकी सारं शिकन."

"लोक हासतीन," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"हासतेत. मी का मेली त्यानं?"

सासूबाई आत आल्या, पदराला हात पुसून त्यांनी नातीला उचललं आणि भुरीला विचारलं, "तुही माय तुह्या अंगाले कोनतं तेल लावे?"