टाकीतले दहा मासे

मुलुंडच्या त्या खासगी प्रयोगशाळेत नलिनी परब काचेची भांडी धुवायला लागली, त्याला आता बावीस वर्षं झाली. गाव कणकवलीकडचं, वडील गिरणीत, शिक्षण बारावी सायन्स. हात नेटका आणि नजर बारीक, म्हणून हळूहळू माशांच्या टाक्या तिच्याकडे आल्या. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पातून बाहेर पडलेलं पाणी एका टाकीत भरायचं, त्यात दहा मासे सोडायचे. शेजारच्या टाकीत साधं पाणी, त्यातही दहा. चार दिवसांनी मोजायचे. नऊ जगले तर पाणी पास. "मशीनला काय शोधायचं ते आधी सांगावं लागतं, माशांना नाही," असं ती नव्या लोकांना समजवायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी नमुना तिनेच आणला होता, नाहूरच्या एका मोठ्या गृहसंकुलातून. पाणी नितळ, वासही नाही. केमिस्ट्रीचे सगळे आकडे उत्तम आले. बुधवारी सकाळी तिने टाकीवरची जाळी उचलली. चार मासे उताणे पडले होते. एक स्वतःभोवती गरगर फिरत होता, थांबतच नव्हता. शेजारच्या टाकीतले दहाच्या दहा मजेत.

आधी तिला स्वतःच्याच चुकीची भीती वाटली. टाकी साबणाने तर धुतली नाही ना? हाताला डासांचं मलम लागलं होतं का? पण दोन्ही टाक्या तिने एकाच हाताने भरल्या होत्या. ती भीती गेली आणि तिच्याहून वाईट भीती आली. त्या संकुलात हेच पाणी रोज हिरवळीवर मारतात, आणि तिथल्याच पाळणाघरात तिची मुलगी मानसी कामाला होती.

नमुना कुणाचा हे बाहेर बोलायचं नाही, अशी सही तिने नोकरीला लागतानाच दिली होती. तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"मानसी, पोरं कुठायत?"

"हिरवळीवर. आत्ताच पाणी मारलंय, नुसती लोळतायत. का गं?"

"आत ने त्यांना."

"अगं, पण का?"

"ऊन आहे गं," नलिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रयोगशाळेचे प्रमुख हर्षद सर टाकीपाशी आले. "नलिनीताई, केमिस्ट्री क्लीन आहे. मासेच कमजोर असतील. बॅच बदला ना."

"मग शेजारचे कसे जगले, सर?"

सरांनी शेजारच्या टाकीत वाकून पाहिलं. "नवीन सॅम्पल मागवतो. पुन्हा लावा."

शनिवारपर्यंत दुसऱ्या खेपेचे आठ मासे मेले. सरांनी ते स्वतः मोजले. मग म्हणाले, "चला, जाऊन बघू."

प्रकल्प सांभाळणारा राजाराम त्यांना बघून खूश झाला. "प्लँट झकास चाललाय, साहेब. फक्त शेवटच्या टाकीत डास होतात ना, म्हणून दर शुक्रवारी औषध टाकतो. सोसायटीनंच सांगितलंय."

सरांनी कॅनवरचं लेबल वाचलं. "राजाराम, याच्या थेंबाथेंबाने माशांची वाट लागते. आणि उरलेलं पाणी नाल्यातून खाडीत जातं रे."

"आणि पोरांना, सर?" नलिनीने विचारलं.

"एवढ्याने बहुतेक काही होत नाही," सर म्हणाले, पण तिच्याकडे बघून नव्हे.

नापासचा अहवाल गेला, औषध बंद झालं. सोसायटीने नोटीस लावून मुलांना डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. सगळी ठणठणीत निघाली. फक्त दोघांच्या पायांवर पुरळ होतं. ते कशाचं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही.

मानसी घरी आली ती नोटिशीचा फोटो घेऊनच.

"तुला बुधवारीच माहीत होतं. आणि मला ऊन सांगितलंस?"

"घाबरले गं."

"निदान पोरांचे पाय तरी धुतले असते मी!"

सोमवारी नलिनी सरांच्या केबिनमध्ये गेली आणि बसायला सांगितलं तरी उभीच राहिली. मासे मरायला लागले की चौथ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी ज्यांचं पाणी त्यांना कळवायचं, एवढंच तिला हवं होतं. सरांनी ते लिहून काढलं. पुढच्या महिन्यात संकुलाच्या पाण्यात दहाही मासे जगले. मानसी मात्र अजून तिच्याशी तुटकच बोलते.